क्रिस्पर तंत्रज्ञान आणि विषाणुजन्य काविळीचा शोध : पंचवटीतील गोदाकाठाच्या संदर्भात

प्रस्तावना

नाशिकमध्ये गोदावरीला गंगा असेच म्हटले जाते. पंचवटीतील रामकुंडावर येणारा भाविक स्नान करतो, ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्राशन करतो आणि बहुधा एक बाटली भरून घरीही नेतो. वर्षभर चालणाऱ्या या क्रमाला दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात प्रचंड रूप प्राप्त होते. या पाण्यात यकृतदाह घडविणारा एखादा विषाणू आहे असे क्षणभर गृहीत धरले, तर पुढे काय घडेल? हिपॅटायटिस-ई या विषाणूचा अधिशयन काळ दोन ते दहा आठवड्यांचा, सर्वसाधारणपणे पाच-सहा आठवड्यांचा असतो. भाविकाचे डोळे पिवळे होतील तेव्हा तो मराठवाड्यातील किंवा उत्तर प्रदेशातील आपल्या गावी परतलेला असेल. त्याच्या आजाराची नोंद झालीच तर ती तेथील दवाखान्यात होईल. नाशिकच्या नोंदवहीत मात्र काहीच उमटणार नाही आणि ज्या पाण्याने बाधा झाली ते तर केव्हाच पुढे वाहून गेलेले असेल.

आजार आणि त्याचा उगम यांच्यामध्ये पडणारे हे अंतर हाच विषाणुजन्य काविळीच्या निदानातील कळीचा प्रश्न आहे. जनुक-संपादनासाठी ख्यातनाम झालेले क्रिस्पर तंत्रज्ञान हे अंतर कोठे कमी करू शकते आणि कोठे नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दिल्लीची साथ आणि निनावी विषाणू

या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी डिसेंबर १९५५ मधील दिल्लीकडे वळणे आवश्यक आहे. यमुनेचे पात्र सरकल्यामुळे नजफगड नाल्यातील सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले आणि काही आठवड्यांतच शहरात काविळीची साथ पसरली. कावीळ स्पष्टपणे दिसून आलेल्या रुग्णांची संख्या सुमारे २९,३०० होती. या साथीतील एक बाब पाणीपुरवठ्याशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पाणी दूषित असल्याची शंका आल्यावर शुद्धीकरण केंद्रात तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविण्यात आली होती. परिणामी विषमज्वर आणि हगवण यांच्या रुग्णांत वाढ झाली नाही. जिवाणू मेले, विषाणू मात्र तगला. जिवाणूंच्या कसोटीवर जे पाणी बरेचसे सुरक्षित ठरले असते, त्याच पाण्याने हजारो लोकांना अंथरुणास खिळविले.

ही साथ हिपॅटायटिस-ए या विषाणूची असावी असे दीर्घकाळ मानले गेले. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील संशोधकांसमवेत भारतातील साथींचे जतन केलेले रक्तनमुने तपासले आणि तो समज खोटा ठरला. दिल्लीची साथ 'ए'ची नव्हती व 'बी'चीही नव्हती. त्याच सुमारास डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधील साथीच्या अभ्यासावरून हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडला. १९८३ मध्ये मिखाईल बलायन या रशियन शास्त्रज्ञाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून विषाणूचे कण दृष्टीस आणले. त्याची जनुकीय ओळख १९९० मध्ये पटली आणि त्याला हिपॅटायटिस-ई हे नाव स्थिरावले. साथ उद्भवल्यापासून तिच्या कर्त्याची जनुकीय ओळख पटेपर्यंत पस्तीस वर्षे उलटली होती.

कावीळ एक, विषाणू पाच

कावीळ हे लक्षण आहे, रोग नव्हे. यकृताला सूज आली की बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य रक्तात साचते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी दिसू लागते. सूज आणणारे प्रमुख विषाणू पाच आहेत. 'ए' आणि 'ई' हे दूषित पाणी व अन्न यांतून शिरतात. 'बी', 'सी' आणि 'डी' हे रक्तावाटे, सुईवाटे, लैंगिक संबंधातून किंवा मातेकडून बालकाकडे जातात. त्यातही 'डी' हा परावलंबी असून 'बी'च्या सोबतीवाचून तो वाढू शकत नाही.

बाह्य लक्षणांवरून यांतील भेद ओळखणे वैद्यालाही शक्य होत नाही. ग्रामीण भागात काविळीवर आजही गळ्यात माळ घातली जाते. माळ लांबत जाते तसतशी कावीळ उतरते अशी श्रद्धा आहे. 'ए' व 'ई' या विषाणूंची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेस मिळते. हानी होते ती अन्य दोन प्रसंगी. रुग्ण गर्भवती असेल आणि विषाणू 'ई' असेल, तर गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आणि विषाणू 'बी' किंवा 'सी' असेल, तर तो वर्षानुवर्षे गुपचूप राहून सिरॉसिस वा यकृताच्या कर्करोगापर्यंत नेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोक 'बी'चे आणि ५ कोटी लोक 'सी'चे दीर्घकालीन बाधित होते. त्यांपैकी निदान झालेल्यांचे प्रमाण 'बी'बाबत अवघे १३ टक्के, तर 'सी'बाबत ३६ टक्के होते.

जिवाणूच्या स्मृतीतून निदानाकडे

१९८७ मध्ये ओसाका येथे योशिझुमी इशिनो व सहकाऱ्यांना जिवाणूच्या डीएनएमध्ये पुनःपुन्हा येणारे काही चमत्कारिक अनुक्रम आढळले. त्यांचे प्रयोजन कोणास ठाऊक नव्हते. स्पेनमधील फ्रान्सिस्को मोजिका यांनी त्यांचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये दही-योगर्टच्या विरजणातील जिवाणूंवर काम करणाऱ्या संशोधकांनी त्यांचे कार्य प्रयोगाने सिद्ध केले. जिवाणूवर विषाणूचा हल्ला झाला की वाचलेला जिवाणू त्या विषाणूच्या डीएनएचा एक तुकडा आपल्या जनुकसंचात जपून ठेवतो. पुढे तोच विषाणू आला की त्या तुकड्यावरून बनलेला मार्गदर्शक आरएनए 'कॅस' नावाच्या प्रथिनाला नेमक्या जागी नेतो आणि ते प्रथिन शत्रूचा डीएनए कापते. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पेंतिए व जेनिफर डाउडना यांनी हा मार्गदर्शक आपल्या इच्छेनुसार घडविता येतो हे दाखविले आणि जनुक-संपादनाचे युग सुरू झाले. त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षीचे वैद्यकशास्त्राचे नोबेल हिपॅटायटिस-सी विषाणूच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन व चार्ल्स राइस यांना दिले गेले, हा योगायोग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक म्हणावा लागेल.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. निदानासाठी क्रिस्पर वापरताना कोणाचेही जनुक संपादित होत नाही. रुग्णाच्या शरीरात काहीही सोडले जात नाही. सर्व क्रिया परीक्षानळीत, त्याच्या रक्ताच्या वा विष्ठेच्या नमुन्यावर घडते. संपादनात कात्रीच्या धारेला महत्त्व असते. निदानात महत्त्व असते ते जागा ओळखण्याच्या तिच्या क्षमतेला.

कॅस कुळातील काही प्रथिनांची एक विलक्षण खोड या कामी उपयोगी पडली. कॅस-९ हे आपले लक्ष्य कापून थांबते. कॅस-१२ए आणि कॅस-१३ए यांना मात्र लक्ष्य सापडताच जणू पिसाळल्यासारखे होते व ती आसपासचे अन्य तुकडेही सरसकट कापत सुटतात. कॅस-१२ए एकेरी धाग्याचा डीएनए कापते, तर कॅस-१३ए आरएनए कापते. संपादनाच्या दृष्टीने हा दुर्गुण आहे, निदानाच्या दृष्टीने वरदान. नमुन्यात असे छोटे धागे मिसळले जातात की ज्यांच्या एका टोकास प्रकाशमान होणारा रेणू व दुसऱ्या टोकास तो प्रकाश दाबून ठेवणारा रेणू असतो. विषाणू असेल तर कॅस जागे होते, धागे तुटतात आणि नळी उजळते. तीच खूण कागदी पट्टीवर रेघेच्या रूपातही आणता येते. या तत्त्वावर कॅस-१३ए वापरणारी 'शेरलॉक' ही पद्धत २०१७ मध्ये फेंग झांग, जेम्स कॉलिन्स व सहकाऱ्यांनी, तर कॅस-१२ए वापरणारी 'डिटेक्टर' ही पद्धत २०१८ मध्ये डाउडना यांच्या गटाने प्रसिद्ध केली.

प्रत्यक्षात नमुन्यातील विषाणूंची संख्या फार थोडी असल्याने प्रथम त्यांच्या जनुकीय अंशाचे प्रवर्धन करावे लागते, म्हणजे एकाच्या कोट्यवधी प्रती काढाव्या लागतात. पीसीआरमध्ये त्यासाठी तापमान सतत वरखाली करणारे यंत्र लागते. क्रिस्परच्या अनेक पद्धतींत एकाच तापमानावर, सुमारे ३७ ते ४२ किंवा ६० ते ६५ अंश सेल्सिअसवर, हे काम होते. म्हणजे साधे उष्णतापात्र पुरते. येथेच या तंत्राचे खरे आकर्षण आहे.

भारतीय अनुभव : फेलुदा

दिल्लीच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेतील डॉ. देबज्योती चक्रवर्ती व डॉ. सौविक मैती हे मुळात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर क्रिस्परद्वारे काम करीत होते. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्याला हा विकार अपरिचित नाही. तो डीएनएतील एका अक्षराच्या बदलाने होतो. तो एकच बदल ओळखू शकणारे प्रथिन त्यांच्या हाती होते. कोविडची साथ येताच त्यांनी तेच प्रथिन विषाणूच्या शोधाकडे वळविले आणि सत्यजित राय यांच्या गुप्तहेराच्या नावावरून चाचणीला 'फेलुदा' हे नाव दिले. टाटा समूहाच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या या चाचणीस सप्टेंबर २०२० मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. यात कॅस-९ वापरले जात असल्याने वर वर्णिलेली सरसकट कापाकापी होत नाही. प्रवर्धित अंशाला एक खूण व मार्गदर्शक आरएनएला दुसरी खूण जोडलेली असते आणि दोन्ही एकत्र बांधली गेली तरच पट्टीवर रेघ उमटते.

या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. भारतीय प्रयोगशाळेत जन्मलेली क्रिस्पर चाचणी काही महिन्यांत मान्यतेपर्यंत जाऊ शकते, ही पहिली. दुसरी तितकी सुखद नाही. त्या चाचणीतही प्रवर्धनासाठी पीसीआर यंत्राची गरज होतीच. पट्टी साधी दिसली तरी तिच्या मागे प्रयोगशाळा उभी होती. क्रिस्पर म्हणजे गावोगावी नेता येणारी चाचणी, असे समीकरण लेखांतून अनेकदा मांडले जाते. ते तपासून घेतले पाहिजे.

रक्तातील शोध

हिपॅटायटिस-बीच्या पृष्ठ-प्रतिजनाची साधी कार्ड चाचणी अल्प खर्चात मिनिटांत निकाल देते. तेथे क्रिस्परची गरज नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. बाधित गर्भवतीच्या रक्तात दर मिलिलिटरला दोन लाख आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक विषाणू असतील, तर बालकाला लस दिल्यावरही बाधेचा धोका उरतो आणि मातेला टेनोफोविर हे औषध द्यावे लागते. म्हणजे विषाणू 'आहे की नाही' एवढ्याने भागत नाही, 'किती' हेही कळावे लागते. क्रिस्परची पट्टी 'आहे' हे चांगले सांगते, 'किती' हे सांगण्यात अद्याप कच्ची आहे.

हिपॅटायटिस-सीची स्थिती वेगळी आहे. त्याच्या प्राथमिक चाचणीत प्रतिपिंडे शोधली जातात आणि ती विषाणू निघून गेल्यावरही रक्तात राहतात. बाधितांपैकी सुमारे १५ ते ४५ टक्के लोक उपचाराविनाच विषाणूमुक्त होतात. म्हणून उपचारापूर्वी विषाणूचा आरएनए प्रत्यक्ष शोधावा लागतो. रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते, नमुना दुसरीकडे पाठवावा लागतो आणि या दोन फेऱ्यांच्या मध्ये अनेक रुग्ण हातातून निसटतात. आज गोळ्यांच्या साधारण बारा आठवड्यांच्या उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ शकतात आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य आहेत, हे पाहता ही गळती अधिकच खटकते. थायलंडमधील चियांग माई येथील संशोधकांनी २०२२ मध्ये कॅस-१२ वर आधारित, एकाच तापमानावर चालणारी हिपॅटायटिस-सीची चाचणी प्रसिद्ध केली, ती नेमकी या दुसऱ्या फेरीला पर्याय ठरू पाहते.

तथापि येथे प्रतिस्पर्धी आहे आणि तो शेजारच्या गोव्यातील आहे. तेथील मोलबायो कंपनीचे 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी अनेक शासकीय आरोग्य केंद्रांत पोहोचले असून 'बी' व 'सी' यांच्या चाचण्याही त्यावर करता येतात. ग्रामीण रुग्णालयात जे यंत्र आधीच टेबलावर आहे त्याला बाजूला सारण्याइतका लाभ क्रिस्परने दाखविला पाहिजे. रक्ताच्या बाबतीत तो अद्याप दाखविला गेलेला नाही, असेच म्हणावे लागते.

आणखी एक अडचण मूलभूत आहे. आरएनए विषाणू सतत बदलतात. एका अक्षराचा फरक ओळखणारे प्रथिन सिकलसेलसाठी आदर्श होय, पण विषाणूने तेच एक अक्षर बदलले तर हा अतिचोखंदळ हेर त्याला ओळखच देणार नाही. म्हणून मार्गदर्शक आरएनए विषाणूच्या सर्वांत कमी बदलणाऱ्या भागावर बेतावा लागतो आणि स्थानिक नमुन्यांवर पडताळून पाहावा लागतो. भारतात 'सी'चा तिसरा जनुकप्रकार व मानवी 'ई'चा पहिला जनुकप्रकार प्रामुख्याने आढळतो. परदेशी संच येथे जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरता येत नाही.

पाण्यातील शोध

हिपॅटायटिस-ईसंबंधी चित्र पालटते, कारण येथे रुग्णाआधी पाण्याकडे पाहणे शक्य आहे. बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून कावीळ दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू बाहेर पडू लागतो. ज्यांना कावीळ होतच नाही असे बाधितही तो बाहेर टाकतात. म्हणजे शहराचे सांडपाणी डॉक्टरांच्या आधी बोलू लागते. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस-ईची मोठी साथ आली, तेव्हा नेहमीप्रमाणे रुग्णांच्या रांगा लागल्यावरच पाण्याकडे लक्ष वळले.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत पाणी टीसीएल पावडरने निर्जंतुक केले जाते व ओटी चाचणीने तपासले जाते. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला की क्लोरीन आहे असे समजावे. ही चाचणी उत्तम, स्वस्त व कोणासही करता येण्यासारखी आहे. पण ती औषध पडले की नाही एवढेच सांगते, शत्रू मेला की नाही ते सांगत नाही. प्रयोगशाळेतील कोलिफॉर्म जिवाणूंची तपासणीही विषाणूंबाबत अप्रत्यक्षच ठरते. दिल्लीचा धडा हाच होता.

पंचवटीच्या भूगोलात नमुने घेण्याची ठिकाणे जणू आखूनच ठेवलेली आहेत. गंगापूर धरणातून आलेले पाणी शहर पिते. रामकुंडाच्या खाली वाघाडी नाला गोदावरीस मिळतो. त्याहून खाली तपोवनात मलनिस्सारण केंद्र आहे आणि सिंहस्थात साधुग्रामही तपोवनातच वसते. म्हणजे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या लोकांचे सांडपाणी एका मर्यादित परिसरात एकत्र येते. पर्वकाळाच्या वर्षभर आधीपासून तेथील सांडपाण्याचा साप्ताहिक नमुना तपासला तर शहराची नेहमीची पातळी कळेल आणि पर्वकाळात ती ओलांडली गेल्यास लगेच लक्षात येईल. आधीची पातळी ठाऊक नसेल तर गर्दीच्या दिवशी मिळालेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. एकाच सांडपाण्याची वारंवार आणि स्वस्तात तपासणी करणे, हे काम क्रिस्परच्या प्रकृतीला मानवणारे आहे.

अडथळे मात्र येथेही आहेत आणि त्यांपैकी सर्वांत मोठा कॅस प्रथिनाशी संबंधित नाही. नदीच्या कित्येक लिटर पाण्यात विषाणूचे कण मोजकेच असू शकतात. चाचणीस लागतात ते काही मायक्रोलिटर. म्हणून पाणी गाळून वा रसायनाने साका बसवून विषाणू आधी एकवटावे लागतात. पावसाळ्यात गढूळ झालेल्या गोदावरीतील माती व कुजलेली पाने यांतून येणारे ह्युमिक पदार्थ प्रवर्धनात अडथळा आणतात. त्यामुळे प्रत्येक नमुन्यासोबत ज्ञात नियंत्रण ठेवले नाही तर 'रेघ नाही' याचा अर्थ विषाणू नाही की चाचणीच बिघडली, हे ठरविता येत नाही. शिवाय क्लोरीनने निष्प्रभ झालेल्या विषाणूचा आरएनएही काही काळ टिकतो. रेघ उमटली म्हणजे पाणी बाधक आहेच असे नाही. ती मुळात पुढील तपासाची सूचना असते.

अज्ञात विषाणू या पद्धतीने सापडत नाही, हेही नोंदविले पाहिजे. ज्याचा अनुक्रम ठाऊक आहे त्याचाच मार्गदर्शक घडविता येतो. १९५५ च्या दिल्लीत क्रिस्पर असते तरी ते मुकेच राहिले असते. अनुक्रम एकदा हाती आल्यावर मात्र वेग किती वाढतो हे कोविडने दाखविले. विषाणूचा अनुक्रम जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारीतच क्रिस्पर चाचणीची कार्यपद्धती संशोधकांपुढे आली.

नाशिकला या कामी एक अनुकूलता आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ पंचवटीपासून जवळच, म्हसरूळला आहे आणि शहरातील महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञानाचे विभाग आहेत. नमुना घेणे, तो थंड ठेवणे, गाळणे व साका बसविणे ही कामे पदव्युत्तर विद्यार्थी देखरेखीखाली शिकू शकतात. निकालाची खातरजमा मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पीसीआरनेच व्हावी. अप्रमाणित पट्टीवरील एका रेघेवरून तीर्थाच्या पाण्याविषयी अफवा उठणे कोणालाच परवडणारे नाही.

राहतो तो आपल्या गावी परतलेला भाविक. त्याच्यासाठी कोणतीही पट्टी पुरेशी नाही. दवाखान्यातील केसपेपरवर काविळीच्या रुग्णासाठी एक ओळ वाढवावी लागेल : गेल्या दहा आठवड्यांत कोठे प्रवास झाला, कोठले पाणी प्यायले. त्या ओळीतील 'नाशिक' हा शब्द जिल्हा आरोग्य कार्यालयामार्फत नाशिकपर्यंत परत आला, तर तपोवनातील त्या आठवड्याच्या नमुन्याशी त्याचा पडताळा घेता येईल. त्यासाठी तो नमुना तोवर उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत जपलेला असायला हवा.